उलट्या कांड्या

शाल्मलीच्या पायाला त्या दिवशी नुसती भिंगरी लागली होती. मंगळावरच्या तळाच्या खोलीत ती खिडकीपाशी जाई, तिथून टेबलावरच्या ट्रेपाशी येई, की परत खिडकीपाशी! बाहेर यान उभं होतं. संध्याकाळी ते पृथ्वीकडे निघणार आणि त्यातून हा ट्रेही जाणार. तोही चुकीचा!

"अगं, बस की जरा एका जागी," उमाआत्या म्हणाली.

उमाआत्या म्हणजे दगडांची शास्त्रज्ञ. खोदू नावाच्या यंत्रमानवाला घेऊन ती एका विवराच्या (आकाशातून कोसळलेल्या दगडाने पडलेल्या खड्ड्याच्या) काठावर ड्रिलने भोक पाडत होती. ड्रिलच्या नळीतून दगडाच्या कांड्या वर येत. आधी निघालेली, म्हणजे सगळ्यात वरची कांडी ट्रेमध्ये डावीकडे ठेवायची, मग पुढच्या एकेक करून उजवीकडे, असा तिथला रिवाज. कांड्या लावायचं काम शाल्मलीचं.

तिने आधी करडी लावली होती, मग पांढरी, मग तांबडी. लांबच्या सपाटीवर मात्र याच्या नेमकं उलटं निघालं होतं. तिथे वर तांबडा दगड, मधे पांढरा आणि तळाशी करडा.

"तू डावखुरी. उजवीकडून लावायला घेतलं असशील," असं म्हणून आत्याने सगळ्या कांड्या फिरवून ठेवल्या होत्या.

"नाही गं, आत्या! करडीच आधी निघाली. खोदू, तू तरी सांग ना!"

"माझ्या कॅमेऱ्यावर धूळ बसली होती, शाल्मलीताई," खोदू म्हणाला. "पण गाळ साचतो तेव्हा जुना थर खाली राहतो आणि नवा त्याच्यावर बसतो. करडा सगळ्यात जुना. तो वर येईलच कसा?"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. शाल्मलीला रडूच फुटलं. त्यात तिचं तिलाच वाटायला लागलं, खरंच चुकले की काय? छे! पहिली कांडी तिच्या हातात मोडली होती, आणि मोडलेले तुकडे करडेच होते.

"आत्या, विवराच्या आतल्या कड्यावर थर उघडेच आहेत ना? एकदा बघू तरी. माझं चुकलं असेल तर पुन्हा ट्रेला हात लावणार नाही!"

आत्याने घड्याळाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण अंतराळपोशाख चढवायला उठली.

विवराच्या काठावर शाल्मलीने आधी खोदूचा कॅमेरा लख्ख पुसला. मग खोदू दोरावरून कड्याखाली उतरला आणि खालून वर बघत सांगू लागला, "करडा. पांढरा. तांबडा. परत तांबडा! पांढरा... आणि सगळ्यात वर करडा!"

"अरे देवा!" आत्या मटकन खालीच बसली. "हे मला सुचायला हवं होतं."

"काय ते? सांग ना लवकर!"

"इथे एक तळं होतं. त्याच्या तळाशी करडा चिखल बसला. तळं आटलं, पांढरे क्षार (पाण्यात विरघळलेलं मीठ वगैरे) उरले. त्यावर वाऱ्याने तांबडी वाळू आणली. हळूहळू सगळ्याचा दगड झाला आणि मग कधीतरी तो मोठा धोंडा आदळला. मधली जमीन फुटून उडाली. कडेची मात्र वर उचलली गेली आणि बाहेरच्या बाजूला उलटली. सकाळी आपण पांघरूण भिरकावतो तेव्हा त्याची आतली बाजू वर येते ना, तसं."

"म्हणजे नियम मोडला?" खोदू गोंधळला.

"मोडला कुठे?" शाल्मली उड्या मारत म्हणाली. "गाळ साचला तेव्हा जुना थर खालीच होता. नंतर त्या धोंड्याने सगळं उलथवलं!"

तळावर परतल्यावर आत्याने कांड्या स्वतःच्या हाताने पुन्हा फिरवल्या. "माझं चुकलं, शाल्मली. त्या तळ्यात कधी काही जिवंत होतं का, ते पृथ्वीवरचे लोक या सगळ्यात जुन्या चिखलात शोधणार आहेत. तुझं ऐकलं नसतं, तर तो चिखल इथे अगदी वरच सापडतो हे कळलंच नसतं आणि पुढच्या वेळी त्यासाठी उगाच खोल खणत बसलो असतो. आता पृथ्वीला निरोप तूच दे."

यान निघायच्या आत शाल्मली माईकसमोर उभी राहिली. घसा खाकरून ती म्हणाली, "ट्रे उघडल्यावर कांड्या उलट्या लावल्यात असं वाटेल. कृपा करून कुणीही त्या सुलट करायला जाऊ नका!"