तिसरी पावती

उतार संपतो तिथेच तो हवालदार स्पीडगन घेऊन उभा असायचा. दोनदा त्याने तिची गाडी बाजूला घ्यायला लावून पावती फाडली होती, आणि दोन्ही वेळा ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून ते प्रयोगशाळेत पोचवायचं तिचं काम. उशीर झाला की नमुने वाया जाणार आणि बोलणी हिने खायची. त्यात तिसरी पावती फाटली की लायसन्स तीन महिने जप्त. म्हणजे नोकरीही गेल्यातच जमा!

"उतारावर गाडी पळणारच की! तुम्हाला माणसं वाचवायचीत का तिजोरी भरायचीय?" दुसऱ्या वेळी तिने फणकाऱ्याने विचारलं होतं.

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "खरं सांगू? मलाही कळत नाही."

असं कुणी उत्तर देतं का? तिला राग यायला हवा होता, आलं मात्र हसू. तेव्हापासून ती उतारावर अगदी शहाण्यासारखी हळू यायची आणि काच खाली करून विचारायची, "काय, आज किती सापडले?"

"बरेच. तुम्ही तेवढ्या हुकलात," तो म्हणायचा.

या गप्पांत गेलेली दोन मिनिटं ती पुढे शाळेच्या वळणावर भरून काढायची.

आज उतारावर तो नव्हता. तिचं मन उगाचच खट्टू झालं. बदली झाली? का आजारी पडला? आणि आपल्याला काय त्याचं... त्या नादात ॲक्सिलरेटरवर पाय कधी दाबला गेला ते तिलाच कळलं नाही. शाळेच्या वळणावर शिट्टी वाजली. तोच!

"तुम्ही – इथे?"

"साहेबांना म्हटलं, पावत्या उतारावर फाटतात, पण गाड्या इथे धडकतात. महिनाभर बघू म्हणाले. पावत्यांचा आकडा पडला तर मी पुन्हा उतारावर." त्याने स्पीडगन तिच्यापुढे धरली. बासष्ट. पाटीवर तीस होते.

"ही तिसरी आहे हो," ती पुटपुटली. "नोकरी जाईल माझी."

"माहितीये." त्याचं पेन चालूच होतं.

"म्हणजे शेवटी आकडाच ना!"

"सोडणार होतो, शपथ! पण शाळेचा वॉचमन रोज सांगतो, ती पांढरी गाडी एक दिवस भिंतीत जाणार. ती तुमचीच... मला झोप लागत नाही."

"म्हणजे हे सुरक्षेसाठी?"

"सगळ्यांच्या म्हणाल, तर अजून कळलेलं नाही. तुमच्या – हो."

पावती हातात घेऊन ती बघतच राहिली. याला फैलावर घ्यावं की... राग तर खरा होता. मग गाल का तापले होते?

"हे नमुने पोचवते," ती शेवटी म्हणाली, "आणि काउंटरवर तरी बसवा म्हणून प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या हातापाया पडते. तीन महिने पायपीट आता."

"मी सोडत जाईन... ड्यूटीच्या आधी."

"नको. इथूनच चालत जाईन." तिने मान खाली घातली. "थांबवायचं मात्र रोज... कितीही हळू आले तरी."