बारा वाव

टेपरेकॉर्डर आमच्या शाळेत आला तो तारापूरहून. तिथं वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन साहेबाला एवढं वजन सोबत न्यायचं नव्हतं. चिंचणीजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत तो एखाद्या पेटाऱ्यासारखा येऊन बसला. हेडमास्तर त्याला हात लावायला घाबरत, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. शाळेची पायरी न चढता, घरीच पुस्तकं वाचून मी मास्तरीण झालेली. बटणं दाबून पाहायची मला भीड नव्हती.

माझ्या वर्गातली पोरं सगळी मच्छीमारांची. पुस्तकातलं मराठी त्यांना परक्या गावचं वाटे, आणि कोष्टकं तर त्याहून परकी. मग मी त्यांच्याच बोलीत लहान लहान नाटुकली लिहिली, गावातल्या माणसांकडून वदवून टेपवर भरली आणि धडा शिकवताना लावू लागले. एरवी बाजार भरल्यासारखा असणारा वर्ग त्या वेळी खाली मान घालून ऐकत बसे.

सगळ्यात गाजलं ते मोजमापांचं. धुकं पडलंय, होडी घरी येतेय. किनाऱ्यावरून मुलगी विचारते, "बाबा, पानी किती?" तांडेल शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडतो आणि ओरडतो, "बारा वाव!" इथं मी यंत्र थांबवायची. एक वाव म्हणजे सहा फूट; पुढचा गुणाकार वर्गानं करायचा. मुलगी झाली होती तिसरीतली पुष्पलता, आणि तांडेल तिचा सख्खा बाप एकनाथ. खराच तांडेल तो, स्वतःची होडी चालवणारा. पण यंत्रासमोर इतका लाजला, की शेवटी भिंतीकडे तोंड करून बोलला.

त्या आश्विनात एकनाथची होडी बुडाली. बरोबरचे दोघे फळीला धरून शिरगावच्या किनाऱ्याला लागले. तो लागला नाही.

बरेच दिवस मी ती टेप काढली नाही. पुष्पलतानंच हट्ट धरला, तेव्हा लावली. नेहमीच्या जागी यंत्र थांबवलं, आणि वर्ग एका सुरात म्हणाला, "सहासष्ट."

मी रागावले. बारा सक बहात्तर, एवढंही विसरलात म्हटलं.

"अकरा म्हनला, बाई," पुष्पलता म्हणाली.

मी टेप मागं फिरवून पुन्हा लावली. एकनाथ म्हणाला, "दहा वाव!"

टेप ताणली गेली असेल, खाऱ्या हवेनं बिघडली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बिघडलेल्या टेपचा आवाज घोगरा होतो, आकडा कमी होत नाही, हे मला कळत होतं. वर्गात लावायचं मी बंद केलं. पण पुष्पलता मधल्या सुट्टीत येऊन यंत्राजवळ बसे, काही न मागता. तिला नाही म्हणवत नसे. दर वेळी एक वाव कमी. दर वेळी त्याचा आवाज जरा जवळचा, आणि आवाजामागं वल्ह्याची चुबुक, जी आम्ही भरलीच नव्हती.

मग गोदूबाई आली, पुष्पलताची आई. हातात अजून बांगड्या होत्या. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. एकनाथच्या वडिलांनी, तात्यांनी, अमावास्या धरली होती. उद्याच होती ती. त्यानंतर गोदूबाईचे हात रिकामे व्हायचे.

ती यंत्रासमोर उकिडवी बसली. मी बटण दाबलं.

"चार वाव!"

"चार म्हंजे खाडीच्या तोंडाशी आलाय," ती हळूच म्हणाली. "बाई, उद्या पुतळा जाळला तर त्यानं यायचं कुठं?"

तात्या तिच्यामागोमाग आले होते. ते दारातच थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

"येतंय ते एकनाथच हाय, कशावरून?"

गोदूबाईनं माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई, ही तरी काही सांगेल म्हणून. मी रिळं उतरवू लागले. तिनं डोईवर पदर ओढला आणि सासऱ्याच्या मागून चालू लागली.

पुतळा वाळूत जळाला. ओल्या वाऱ्यातसुद्धा भरकन जळाला, म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदूबाई पुष्पलताला घेऊन आली. जाळ लागल्यापासून पोरगी बोलत नव्हती. रडतही नव्हती. बापाचा आवाज ऐकून तरी रडेल, असं गोदूबाईचं म्हणणं. तिच्या रिकाम्या मनगटांवर बांगड्यांच्या काचेचे ओरखडे होते.

मी टेप लावली.

किनाऱ्यावरचा प्रश्न आलाच नाही. नुसतं पाणी. मग एकनाथ, फार लांबून.

"वीस वाव."

पुन्हा पाणी.

"चाळीस."

तो ओरडत नव्हता. दार बंद पाहून माघारी वळलेला माणूस स्वतःशी बोलतो, तसं बोलत होता.

मी यंत्र बंद केलं. रिळं थांबली.

पुष्पलता समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी तिच्या हनुवटीला हात लावला. म्हटलं, "बाळ, एक शब्द बोल. आईकडे बघून बोल."

तिनं आईकडे पाहिलं. ओठ हलले.

तिचा आवाज आला तो बंद यंत्रातून, बापाच्या आवाजाइतक्याच लांबून.

"आये, तळ नाय लागत."