सुमित्रामावशीचा शेवटचा डोंगर

मावशीला डोंगर हवा होता, आणि तोही अलास्कातला! दिवाळीनंतर नाशिकला तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर डोंगर कायमचे बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर सह्याद्री पायाखाली घातलेली ही बाई अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्याकडे आली ती हट्ट घेऊनच. म्हणून ती, मी आणि माझा नवरा देवांग असे तिघं अलास्कातल्या फेअरबँक्सच्या पलीकडच्या उघड्या माळाकडे निघालो. तिथे टेकडीच्या माथ्यावर ग्रॅनाइटचा एक उंच सुळका उभा आहे. त्याला हात लावायचा आणि परतायचं, एवढाच बेत.

झाडी संपली आणि माळ उघडला. गुडघ्याएवढंही झाड नाही, नजर जाईल तिथवर लालभडक झुडपं, आणि समोर तो करडा सुळका! मी व्हिडिओ काढत सुटले आणि फोनची बॅटरी संपवून बसले. मावशीचं वेगळंच चाललं होतं. देवीच्या डोंगरावर लोक दगडांचं छोटं घर रचतात ना, स्वतःचं घर व्हावं म्हणून? तसं तिने वाटेतच आमच्यासाठी रचायला घेतलं.

“मावशी, इथे नको प्लीज,” देवांग म्हणाला. “लोक त्याला ट्रेल मार्कर समजून फॉलो करतात.”

“बरं, देवांगराव,” म्हणत तिने हात झटकले. बेलव्ह्यूतली घरं देवीच्याही आवाक्याबाहेर आहेत, असं मीही तिला चिडवून घेतलं.

एका मोठ्या धोंड्याआड देवांगने चहा केला. तेवढ्यात मावशी पुढे जाऊन ओंजळभर ब्लूबेरी वेचून आली. चहा पिऊन उठतो तोच धुकं आलं. बघता बघता सुळका गेला, टेकडी गेली, शेवटी स्वतःचे बूटही धूसर झाले.

देवांग फोनवरच्या नकाशात बघत चालला होता. अचानक त्याला धुक्यात दगडांची रास दिसली.

“मार्कर!” तो ओरडला. फोन खिशात टाकून, रास मागे टाकत तो झपाझप पुढे निघाला. दहा-बारा पावलं गेला असेल नसेल, आणि जमीनच खचली!

काळी दलदल. मांडीपर्यंत. मग कमरेपर्यंत! तो हात मारत होता आणि आणखी खाली जात होता.

“हलू नका! मागे रेला!” मावशी गरजली. ती सरळ शेवाळावर पालथी पडली आणि हातातली काठी पुढे केली. मी आडवी होऊन तिचे पाय धरले. देवांगने काठी पकडली. ओढ! पुन्हा ओढ! चिखलाने एकदाचा त्याला सोडला. पण खिशातल्या फोनने राम म्हटला होता आणि देवांगचे दात कडाकडा वाजत होते. मी त्याला माझं जॅकेट चढवलं, मावशीने तिची शाल गुंडाळली. चाचपडत आम्ही त्या दगडांपाशी परत आलो. आता जायचं कुठे? मला रडू फुटलं.

“चकवा लागलाय आपल्याला,” मी म्हणाले.

“चकवा मीच बांधलाय गं,” मावशी खाली बसली. “मघाशी बेरी वेचताना. हे माझंच घर आहे.”

रागवायचं त्राणही देवांगमध्ये नव्हतं. मावशीने दगडांवर हात फिरवला आणि एकदम मान वर केली.

“हे बघा, याला दार ठेवलंय मी. दार सुळक्याकडे आहे. आणि रचताना माझी पाठ तुमच्या चहाच्या धोंड्याकडे होती.”

दिशा सापडली! दलदलीला वळसा घालून दाराच्या रोखाने गेलो असतो तर सुळका जवळच होता. परतीची वाट लांब होती. देवांगचे ओठ निळे पडले होते, तरी तो म्हणाला, “मावशी, आय कॅन मॅनेज. तुमचा सुळका करून येऊ.”

मावशी क्षणभर त्या दाराच्या दिशेने धुक्यात बघत राहिली. मग तिने घराचा एकेक दगड उचलून लांब भिरकावला, पुढच्या कुणाला फसगत नको म्हणून.

“घर पुढे कधीतरी मागू,” ती म्हणाली, आणि दाराच्या दिशेला पाठ करून चालू लागली.

धोंडा सापडला, मग खुणेचे खरे लाकडी खांब सापडले. दुखऱ्या गुडघ्यांनी ती पुढे, मध्ये देवांग, मागे मी. तो थांबला की ती त्याला दटावायची, मी ढकलायचे. गाडीत हीटर सुरू झाला, पोटात गरम पाणी गेलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर रंग आला.

आणि तेव्हाच धुकं फाटलं! लांब टेकडीवर सुळका उन्हात झळझळत उभा होता. मावशी गाडीतून उतरली. हात जोडले आणि घळाघळा रडली. गाडीत थोडा चार्ज झालेला फोन घेऊन मी म्हणाले, “मावशी, तिकडे उभी राहा, सुळक्यासकट फोटो काढते.”

तिने डोळे पुसले, गाडीचं दार उघडून शालीत गुंडाळलेल्या देवांगला शेजारी ओढून घेतलं, आणि म्हणाली, “सुळका नाही आला तरी चालेल. देवांगराव नीट येऊ देत.”