पालथा शिंपला

धुकं इतकं दाट होतं की स्वतःच्या गमबुटाचं टोक दिसत नव्हतं. अशा वेळी शहाण्या माणसानं घरी बसावं. पण ओहोटी काय शहाण्यांसाठी थांबते? सुरी खाडीत उतरली, मांडणीवरची जाळीची पिशवी उचलली आणि गदागदा हलवली. आतली कालवं खळखळ एकमेकांवर आपटली. मग दुसरी पिशवी, मग तिसरी... अख्खी ओळ हलवून ती कंबर सरळ करते, तोच धुक्यातून आवाज आला –

"ओ बाई! माझ्या लेकरांना का मारताय?"

"तुमच्या?"

"माझ्याच. तुमच्या मांडण्या वरच्या अंगाला. तुम्ही चालत चालत थेट खाडीच्या तोंडाशी आलात."

चिखलानं आपल्याला आत्ताच गिळावं, असं सुरीला वाटलं. पण चुकलं म्हणून मान खाली घालायची तिला सवयच नव्हती. "मग आभार माना! हलवलं की शिंपल्याची पातळ कड मोडते. तो लांबायचा थांबतो आणि खोल होतो. खोल शिंपल्यात कालव अंग धरतं. तुमची बघा – चपलेच्या तळव्यासारखी चपटी!"

"आमच्यात हलवत नाहीत. बाबा म्हणायचे, झोपलेल्याला उठवू नये."

"म्हणून उपाशीच झोपलीत बिचारी."

आधी हसू ऐकू आलं, मग माणूस दिसला. ओला सदरा, भुवयांवर सुकलेलं मीठ. धक्क्यावर सगळे त्याला खारट म्हणत – त्याची कालवं तशी आणि जीभही तशीच. तिला सुरी म्हणत, कारण तिच्याइतक्या झटक्यात कालव कुणी उघडत नसे. माणसाचं तोंड बंद करायलाही तिला तेवढाच वेळ लागे.

"माझी ओळ बिघडवलीत," तो म्हणाला. "दंड म्हणून आता दर ओहोटीला येऊन तुम्हीच ती सांभाळा."

"येईन की. घाबरते काय?"

आली. दर ओहोटीला आली. आधी दंड होता, मग सवय झाली, मग... मग तिनं त्याला नाव देणं टाळलं.

तिच्या घरचं मात्र बिघडत चाललं होतं. तिच्या मांडण्यांखाली गाळ चढत होता, कालवं जिवंत गाडली जात होती. वडिलांचे गुडघे गेलेले, सगळं तिच्याच अंगावर. खाडीचं एक स्वच्छ वळण रिकामं होतं, आणि ज्याची कालवं चवीत पहिली येतील त्याला ते मिळणार, असं कालववाल्यांच्या सोसायटीनं ठरवलं होतं. सोसायटीचा अध्यक्ष तिचा सख्खा काका. त्याला वळण जावयाच्या घशात घालायचं होतं.

"हिची कालवं पाणचट," काका चारचौघांत म्हणाला. "पोरीला मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसवा."

राग याचा आला की काका खोटं बोलत नव्हता. तिची कालवं भरलेली होती, गोड होती, पण घशाखाली उतरली की चव गायब. वरच्या अंगाला नदीचं पाणी फार.

एके दिवशी खारटानं तिच्या हाताखाली वाढलेल्या त्या चुकीच्या ओळीतलं कालव पुढे केलं. "उघडा."

तिनं उघडलं, ओठाला लावलं. आधी लाटेची चापट बसावी तसं मीठ. मग सायीसारखं मऊ काहीतरी. आणि अगदी शेवटी, कोवळ्या काकडीसारखा गारवा...

"काय झालं?"

"गप्प बसा. चव अजून चालू आहे."

धक्क्यावर कुणी चवीची तारीफ तोंडानं करत नाही. शेवटच्या थेंबापर्यंत रस प्यायचा आणि शिंपला पालथा घालायचा, झालं. सुरीनं पालथा घातला. मग एकदम म्हणाली, "माझ्या कालवांना मीठच कमी पडतंय! काढण्याआधी थोडे दिवस तुमच्या पाण्यात ठेवू?"

"फुकट?"

"तुमच्या पिशव्या हलवतेच आहे ना!"

"नुसत्या पिशव्याच हलवल्यात, असं वाटतं तुम्हाला?"

सुरीच्या हातातली पिशवी पाण्यात पडली. "आणखी... काय हलवलं?"

त्यानं ती उचलून मांडणीवर ठेवली. "भरती आली. निघा. उद्या येताना तुमची कालवं आणा."

निवाड्याच्या दिवशी टेबलावर ताटं होती, ताटांवर नावं नव्हती. पंच म्हणजे काका धरून, आयुष्यात कधी चिखलात पाय न घातलेली पाच पोटं. एका ताटापाशी पाचही पोटं थबकली. काकानं डोळे मिटून रस ओढला, आणि सवयीनं त्याच्या हातानं शिंपला पालथा घातला. पाचही पालथे! ताट कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा सुरी उठून उभी राहिली.

काकाचा चेहरा आंबला. "ही हिची चव नाही! शेवटी त्या खारटाच्या पाण्यात ठेवलेली, सगळ्यांनी पाहिलंय. बाद करा!"

"काका," सुरी म्हणाली, "पिल्लं मी वाढवली, पिशव्या मी हलवल्या, गाळ मी उपसला. पाणी कुणाच्या बापाचं नाही. तुमची परवानगी न घेता ते येतं आणि जातं. आणि शिंपला पालथा तुम्ही घातलात. मी काय तुमचा हात धरला होता? हिंमत असेल तर सगळ्यांसमोर उलटा तो परत!"

काकाचा हात शिंपल्यापर्यंत गेला... आणि तिथेच थांबला. अख्खा धक्का बघत होता. मागून वडिलांचं खणखणीत हसू आलं आणि मग टाळ्या थांबेनात. वळण सुरीचं झालं.

नव्या मांडण्या ठोकायच्या दिवशी आभाळ लख्ख होतं. खारट खांद्यावर पिशव्या घेऊन आला.

"आज धुकं नाही," ती म्हणाली. "चुकून आलो म्हणू नका."

"तुम्ही येत नाही म्हणून झोप नाही लागत... कालवांना."

"फक्त कालवांना?"

एवढी खारट जीभ, पण पार कोरडी पडली. "मला... मलापण. म्हणजे... तुमचं वळण, माझं तोंड – छे, खाडीचं तोंड! – दोन्ही मिळून, आयुष्यभर... चालेल?"

सुरीनं कमरेची सुरी काढली. एक कालव उघडलं, सावकाश प्यायली, शेवटचा थेंबही सोडला नाही. मग त्याचा हात ओढून त्याच्या तळहातावर शिंपला ठेवला.

पालथा.

"आता बघत काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "पिशव्या आण. ओहोटी थांबणार नाही तुझ्यासाठी."