चिनी गुलाब उघडायची वेळ

फर्नच्या कुंडीवर दोन हात एकदमच पडले. एक तिचा, दुसरा मातीने बरबटलेला.

"हे मिळणार नाही," मातीवाला म्हणाला.

"विकायलाच ठेवलंय ना?"

"तुमच्या गच्चीसाठी नाही."

म्हणजे ती मघाशी ताईशी फोनवर बोलत होती, ते या नर्सरीवाल्याने कान टवकारून ऐकलं होतं तर! सगळंच – दिवसभर तापणारी गच्ची, पसरट कुंडीतली इवलीशी परीबाग, आधीच्या दोन बागांचं करपलेलं शेवाळ, आपण चष्म्याच्या दुकानातून सातला घरी येतो ते... आणि चार वर्षांची भाची. "मावशी, पऱ्यापण मेल्या का?" असं विचारणारी. ती रविवारी येणार होती. तिसरी बाग मरून चालणारच नव्हती.

तो उकिडवा बसला. बोटभर जेड खोचलं, झालं झाड. बारीक पानांचं सेडम, झाली हिरवळ. आणि परीच्या दाराशी चिनी गुलाबाच्या कळ्या. ही मंडळी उन्हाला भीक घालत नाहीत, म्हणाला. समोरची पाटी मात्र तो डोळे बारीक करून वाचत होता. चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत कुणाचाही नंबर काढणारी ती, त्या डोळ्यांकडे नुसती बघतच राहिली...

पण कळ्या! सकाळी निघताना मिटलेल्या, संध्याकाळी आल्यावरही मिटलेल्या. चौथ्या दिवशी साडेआठलाच ती कुंडी कडेवर घेऊन भांडायला हजर. तो जराही गडबडला नाही. ही फुलं दहाला उघडतात, तीनला मिटतात, आणि तेव्हा तुम्ही लोकांचे डोळे तपासत असता, एवढंच म्हणाला. रविवारी नाही उघडली तर? तर मी समोर असेन, हवं तेवढं भांडा.

रविवारी दहाला तो गच्चीत हजर, आणि नेमका सूर्यासमोर ढग. जिन्यात भाचीची पावलं वाजायला लागली. तो मान वर करून ढगाकडे असा बघत होता, जणू नजरेनेच ढकलणार...

ढग सरकला. एक गुलाबी पाकळी सुटली. मग पिवळी. मग पाच, सात, दहा!

भाचीने फतकल मारली. "मावशी, पऱ्या उठल्या."

ताई हसत पाणी आणायला खाली गेली. तो हळूच म्हणाला, "एक सांगू? फर्न दिलं असतं तर ते मेलं असतं, आणि तुम्ही पुन्हा फिरकला नसतात."

"आणि जगणारी झाडं दिली, तरी कशाला आले असते?"

"म्हणून तर चिनी गुलाब दिला... आणि त्याची वेळ सांगितली नाही. म्हटलं, तक्रार घेऊन तरी याल."

लबाड! तिचे कान तापले, आणि ते काही उन्हाने नव्हे.

"तुम्हाला चष्मा लागलाय," ती शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली. "उद्या दुकानात या. परवाही या. नंबर काही एका भेटीत निघत नाही."