फोटोच्या कडेला

हे खरं घडलंय.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर खुशाल पुढच्या पोस्टवर जा. पण ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे भाऊजी, आणि त्यांना थाप मारता येत नाही. मारायला गेले की आधी कान लाल होतात.

आणि भूत म्हटलं की रात्रच हवी, असं डोक्यात असेल तर काढून टाका. हे भर दुपारी घडलं. मार्चमधली दुपार, जेवणाची वेळ, गल्लीतली सगळी शटरं अर्धी खाली.

भाऊजींचं फोटो छापायचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे लांबोडकी खोली, तिथे कॉम्प्युटर आणि पलंगाएवढा प्रिंटर. माझी ताई गेल्यापासून ते तिथेच असतात. घरी झोपायला जातात, तेही आठवण झाली तर. कामात मात्र भारी कटकटे. चेहऱ्याचा रंग जरा पिवळट आला की अख्खा प्रिंट टराटरा फाडणार. स्क्रीनवर काय सगळेच देखणे दिसतात, म्हणतात.

त्या दिवशी सकाळी एक म्हातारे घड्याळजी आले होते. मोबाइलमध्ये त्यांचाच फोटो. बागेतल्या बाकावर एकटे बसलेत, कुणीतरी येणाऱ्याजाणाऱ्याने काढलेला. तो कॅनव्हासवर मोठा करून हवा होता. कशाला, तर म्हणे घरात भिंती फार मोकळ्या दिसतात.

आता कॅनव्हासची एक भानगड असते. तो लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, तेव्हा चित्राची कड चौकटीच्या बाजूंवर दुमडते. म्हणून फोटो चारही बाजूंनी थोडा वाढवावा लागतो. घड्याळजींच्या फोटोत दोन्हीकडे जागाच नव्हती. मग भाऊजींनी नेहमीचं केलं. बाकाला बाक जोडला, गवताला गवत. मूळ फोटोत नसलेली पट्टी कॉम्प्युटरवर तयार केली.

पट्टीत काही नव्हतं. रिकामा बाक.

आधी कागदावर नमुना काढला.

पट्टीत... बाकावर एक हात टेकलेला होता.

मनगटापर्यंतच. बाईचा.

भाऊजींनी फाइल उघडली. मोठी केली, आणखी मोठी केली, नुसते रंगाचे चौकोन दिसेपर्यंत. हात कुठेच नाही. शाईचा डाग असेल म्हणून प्रिंटर साफ केला आणि दुसरा नमुना काढला.

या वेळी... कोपरापर्यंत होता.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची ती रोजची कुरकुर बंद होती.

संध्याकाळी घड्याळजी आले. भाऊजींनी मान खाली घालून दोन्ही नमुने पुढे केले. म्हाताऱ्याने खिशातून आपलं भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि घड्याळ उघडल्यासारखा त्या हातावर वाकला. बराच वेळ.

"करंगळी वाकडी," तो म्हणाला. "दारात चिमटली होती आमच्या हिची, जायच्या आदल्या वर्षी."

भाऊजी म्हणाले, पुसून देतो.

"हात लावू नका."

मग एकच विचारलं, हा हात भिंतीवर माझ्या खुर्चीच्या बाजूला येईल ना? येईल म्हटल्यावर म्हातारा हसला. कॅनव्हास तयार झाल्यावर लहान मूल उचलावं तसा उचलून घेऊन गेला.

भाऊजी मागे राहिले. एकटे.

पुढचं कुणालाही सुचेल तेच त्यांना सुचलं. कॅमेरा टेबलावर ठेवला, टायमर लावला, स्टुलावर बसले. स्वतःचा फोटो. उजवीकडची भिंत थोडी वाढवली आणि छापली.

भिंतच आली.

आणखी वाढवली.

भिंतच.

आणखी...

हे सगळं मला कळलं ते दोन-तीन दिवसांनी. फोन उचलेनात, म्हणून मी डबा घेऊन दुकानात गेलो. शटर खाली. आतून प्रिंटरचा आवाज... सरक, सरक, सरक. वाकून आत शिरलो तर कागदाची पट्टी प्रिंटरमधून निघून, जमिनीवरून, काउंटरला वळसा घालून पार दारापर्यंत आलेली. भाऊजींची दाढी वाढलेली. जेवण कधी झालं होतं देव जाणे.

मी म्हटलं, "भाऊजी, हे काय, दुकानाला कागदाचं पायपुसणं?"

ते हसले नाहीत. पट्टीकडे बोट दाखवलं.

पट्टीवर एका जागी एक बाई होती. पाठमोरी. पुढे पुन्हा तीच, जराशी लहान. त्याच्या पुढे आणखी लहान. जेवढी भिंत वाढवली होती, तेवढी ती लांब गेली होती.

चपला तिच्या हातात होत्या.

घरात कुणी झोपलेलं असलं की ताई अशीच निघायची. चपला हातात, आवाज नको म्हणून. दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या बसल्या भाऊजींचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा ती गेलेली.

"मला उठवलं असतं तर काय बिघडलं असतं रे?" भाऊजी म्हणाले. आणि पुन्हा माउसकडे हात नेला.

हा माणूस असाच भिंत वाढवत बसणार होता. मरेपर्यंत. मला दुसरं काही सुचलं नाही. मी आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या. स्वतःच्या लग्नात भटजींचा चष्मा लपवणारा माणूस मी. माझ्यावर हा आळ सहज बसला असता.

"भाऊजी, ती ताई नाही," मी म्हटलं. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मीच घातलंय ते. गंमत केली."

वाटलं, आता कानाखाली बसणार. चालली असती.

भाऊजींनी माउस सोडला. प्रिंटर थांबला होता. मग अगदी हळू म्हणाले, "तूच केलंस?"

"हो."

"मग तिचं तोंड इकडे करून दे ना."

उद्या करतो म्हटलं. त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, झोपवलं. त्यानंतर रोज त्यांचा फोन. झालं का? आणि माझं रोजचं, उद्या नक्की. मला त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळण्यापलीकडे काही येत नाही. त्या दिवसापासून मी दुकानाची पायरीसुद्धा चढलेलो नाही.

काल फोन आला नाही.

मेसेज आला. "जमलं रे तुला. अगदी तशीच हसते."

खाली फोटो.

बायको म्हणते, बहीणच ना तुमची, घाबरायचं काय त्यात? मग तू उघड म्हटलं, तर तिला एकदम दूध उतू जाताना दिसतं.

फोटो मी अजून उघडलेला नाही. न उघडलेला फोटो मोबाइलमध्ये धुरकट दिसतो, तसाच तो दिसतोय.

पण चेहरे दोन आहेत, अगदी शेजारी शेजारी... एवढं धुरकटातही कळतं.