दाराशी टेकलेली पाठ

दोन लेन्स होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एक परत करायची होती. दोन्ही लेन्स माणसांचे चेहरे टिपायच्या. एक पंच्याऐंशी मिलिमीटरची, दुसरी एकशे पाचची. पहिली लावली की माणसाच्या जरा जवळ उभं राहावं लागतं, दुसरी लावली की मागे सरावं लागतं. फोटोवालीचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. ओळखीच्या दुकानदारानं दोन्ही लेन्स वापरून बघायला दिल्या होत्या खऱ्या, पण तिचा जीव आधीच एकशे पाचच्या, लांबच्या लेन्सवर जडला होता.

समोर बसायला तिनं धाकट्या भावाला धरून आणलं. बाकदार नाकामुळे घरात त्याला सगळे राघू म्हणत. जवळून फोटो काढला की नाक मोठं येतं, लांबून काढला की चेहऱ्यात नीट बसतं. तेव्हा परीक्षेला याच्याइतकं चांगलं नाक दुसरं मिळायचं नाही, असं तिनं त्याला ऐकवलं. त्यानंही ते हसण्यावारी नेलं. जेवण अंगावर आलेलं. खिडकीपाशी खुर्चीत तो ऐसपैस बसला.

पंच्याऐंशीचे फोटो झकास आले. मग तिनं लेन्स बदलली.

कॅमेरा डोळ्याला लावला, तर राघूचं तोंड चौकटीत मावेना. लांबची लेन्स, असं होणारच. ती मागे सरली. चेहरा तेवढाच. आणखी सरली, तर कपाळ कापलं गेलं, मग हनुवटी. ती जितकी मागे जाई, तितका तो चेहरा पुढे येई. बोट मात्र सवयीनं बटण दाबत होतं. पाठ दाराला टेकली, तेव्हा चौकटीत नुसता एक डोळा उरला होता. पापणीचा केस न् केस दिसत होता.

तिनं कॅमेरा खाली घेतला. राघू खोलीच्या त्या टोकाला, खुर्चीतच होता. पण अंग चोरून बसला होता आणि मान खुर्चीच्या पाठीत रुतवली होती.

"ताई…" तो पुटपुटला, "अजून किती जवळ येशील गं? तोंडाला श्वास लागतोय तुझा."

तिनं मागे हात नेऊन दार चाचपलं.

"राघू… मी इथे आहे. दाराशी."

त्यानं नजर दाराकडे वळवली. तिला पाहिलं. मग ती नजर हळूहळू परत आपल्या नाकासमोर नेली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

तिनं धावत जाऊन त्याला हाताला धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं. मग तिनं धीर करून फोटो पाहिले. नुसता डोळा एकातही नव्हता. सगळ्यांत राघू होता तिथेच, लांबवर, खुर्चीसकट, खिडकीसकट. पण लेन्सकडे तो एकदाही बघत नव्हता. दोन्ही बुबुळं नाकाकडे वळलेली. कुणी तोंडाला तोंड भिडवलं की वळतात, तशी.

संध्याकाळी दुकानदार आला. लांबची परत करताय म्हणून त्याला नवल वाटलं. खोली अपुरी पडते, एवढंच तिनं सांगितलं. तो लेन्स घेऊन गेला. तिनं कडी लावली आणि सुटकेचा श्वास टाकला. पीडा गेली, असं तिला वाटलं.

जेवायला दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. राघूनं ताटाला हात लावला नाही. थोडं तरी खा, असं ती म्हणाली, तशी त्यानं खुर्ची मागे सरकवली. काय होतंय, असं विचारलं, तशी आणखी मागे.

"तू बोलू नकोस, ताई," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "तू बोललीस की हिचे ओठ हलतात."

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. राघू बराच वेळ समोर बघत राहिला. मग त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"तू थांबलीस…" तो म्हणाला. "ही थांबली नाही."